गर्भारपण आणि लाळग्रंथींचा कर्करोग : उपचाराची सुरक्षित वाट



विदर्भात तोंडाच्या कर्करोगाची गोष्ट निघाली की खर्रा हा शब्द पाठोपाठ येतोच, आणि ते योग्यही आहे. सुपारी, तंबाखू आणि चुना घोटून केलेल्या या मिश्रणाने या भागातील अनेक कुटुंबांची धूळधाण केली आहे. आजचा विषय त्याच परिसरातला असूनही निराळा आहे. लाळग्रंथींचा कर्करोग तंबाखूला कधीही न शिवलेल्या, शेतात, घरात वा कचेरीत काम करणाऱ्या तरुण स्त्रीलाही होऊ शकतो. तिला दिवस गेलेले असतानाच तो लक्षात आला, तर साऱ्या घरापुढे एक भयंकर प्रश्न उभा राहतो : आईचा उपचार करावयाचा, की पोटातील बाळ वाचवावयाचे?

पुष्कळदा हा प्रश्न मुळातच चुकीच्या पद्धतीने मांडलेला असतो. आजच्या वैद्यकशास्त्राने हाती दिलेल्या साधनांनी बहुतेक प्रसंगी दोन्ही गोष्टी साधता येतात. मात्र त्यासाठी एक अट आहे. गाठ वेळेवर दाखविली गेली पाहिजे, आणि निर्णय भीतीच्या भरात न घेता सर्व संबंधित तज्ज्ञांनी एकत्र बसून घेतला पाहिजे.

हा रोग विरळा आहे, हे आरंभीच सांगितले पाहिजे. डोके आणि मान या भागातील सर्व कर्करोगांत लाळग्रंथींच्या कर्करोगाचा वाटा शेकडा तीन ते सहा इतकाच आहे. गर्भारपण आणि कोणताही कर्करोग एकत्र येण्याचे प्रमाण साधारणपणे एक हजार गर्भवतींमागे एक असे मानले जाते, आणि त्यातही स्तन, गर्भाशयाचे मुख, अवटू ग्रंथी, लसीका ग्रंथी यांचे कर्करोग अधिक. गर्भवतीच्या लाळग्रंथीचा कर्करोग जगातील वैद्यकीय नियतकालिकांतून बहुधा एकेका रुग्णाच्या वृत्तांताच्या रूपानेच आढळतो. मग इतक्या विरळ रोगासाठी एक संपूर्ण व्याख्यान कशाला? त्याचे कारण असे की, रोग विरळ असला तरी "बाळंतपण होऊ द्या, मग पाहू" हे वाक्य विरळ नाही. ते घराघरांत ऐकू येते. गर्भवतीच्या अंगावरील कोणत्याही गाठीला ते लावले जाते, आणि त्यात पाच-सहा मोलाचे महिने निघून जातात.

लाळग्रंथी कोणत्या आणि कोठे?

माणसाच्या तोंडात दररोज सुमारे अर्धा ते दीड लिटर लाळ तयार होते. ती तयार करणाऱ्या मोठ्या ग्रंथींच्या तीन जोड्या आहेत. पहिली जोडी कानासमोर आणि कानाच्या पाळीखाली असते. तिला पॅरोटिड ग्रंथी म्हणतात. गालगुंड झाले की सुजते ती हीच. दुसरी जोडी खालच्या जबड्याच्या हाडाखाली आणि तिसरी जिभेखाली असते. यांखेरीज टाळू, ओठ, गाल आणि घसा यांच्या अस्तरात सहाशे ते एक हजार लहान लाळग्रंथी विखुरलेल्या असतात.

या ग्रंथींत होणाऱ्या गाठींविषयी एक ठोकताळा लक्षात ठेवण्यासारखा आहे. सुमारे ऐंशी टक्के गाठी पॅरोटिड ग्रंथीत होतात, आणि त्यांपैकी पुन्हा सुमारे ऐंशी टक्के साध्या, म्हणजे कर्करोग नसलेल्या असतात. ग्रंथी जितकी लहान, तितकी तिच्यातील गाठ कर्करोगाची असण्याची शक्यता अधिक. जबड्याखालील ग्रंथीत ही शक्यता जवळजवळ निम्मी, तर जिभेखालील आणि टाळूवरील लहान ग्रंथींत त्याहून जास्त असते. म्हणजे कानासमोर गाठ आली म्हणून धीर सोडण्याचे कारण नाही, आणि टाळूवर न दुखणारी लहानशी गाठ आली म्हणून ती दुर्लक्षिण्याचेही कारण नाही.

लाळग्रंथींच्या कर्करोगाचे वीसहून अधिक प्रकार वैद्यकशास्त्राने नोंदविले आहेत. त्यांपैकी म्युकोएपिडर्मॉइड हा सर्वांत अधिक आढळणारा प्रकार असून तो तरुण वयातही होतो. त्याची सौम्य श्रेणी सावकाश वाढते आणि बहुधा केवळ शस्त्रक्रियेने बरी होते. उग्र श्रेणी मात्र मानेतील लसीका ग्रंथींपर्यंत लवकर पोचते. ॲडिनॉइड सिस्टिक या दुसऱ्या प्रकाराची गती मंद असते. परंतु तो मज्जातंतूंच्या कडेकडेने सरकतो आणि कित्येक वर्षांनीही फुप्फुसात डोके वर काढतो. रोगाचे नाव एकच असले तरी प्रत्येक रुग्णाचा उपचार सारखा का नसतो, याचे उत्तर या भिन्न स्वभावांत आहे.

हा रोग होतो कशाने? बहुसंख्य रुग्णांत निश्चित कारण सापडत नाही. किरणोत्सर्गाशी असलेला त्याचा संबंध मात्र प्रस्थापित झालेला आहे. १९४५ साली हिरोशिमा आणि नागासाकी येथे झालेल्या अणुबाँबच्या स्फोटांतून वाचलेल्या लोकांत पुढे लाळग्रंथींच्या गाठींचे प्रमाण वाढलेले दिसून आले. गर्भारपणामुळे हा रोग होतो, किंवा ग्रहणात काही चिरल्याने, कोणाची दृष्ट लागल्याने तो उद्भवतो, या समजुतींना कसलाही आधार नाही. सुनेला दोष देऊन कोणाचाही रोग बरा झालेला नाही.

गालगुंड, खडा की गाठ?

कानासमोर सूज दिसली की घरातील वडीलधारी माणसे गालगुंड समजून लेप लावतात. गालगुंडात ताप असतो, दुखते, पुष्कळदा दोन्ही बाजू सुजतात आणि आठ-दहा दिवसांत सूज उतरते. नागपूरच्या उन्हाळ्यात शरीरातील पाणी कमी झाले की लाळेच्या नळीत खडा अडकून जबड्याखालील ग्रंथी फुगते; ही सूज जेवताना वाढते आणि नंतर ओसरते. दाढेच्या विकारानेही जबडा सुजतो, पण त्याला ठणका असतो.

कर्करोगाची गाठ बहुधा यांपैकी काहीच करीत नाही. ती आरंभी दुखत नाही, जेवणाशी तिचा संबंध नसतो, आणि ती उतरत नाही. तीन आठवडे उलटून गेल्यावरही गाठ कायम असेल, तर ती वैद्यकीय अधिकाऱ्यास दाखविलीच पाहिजे. गाठ झपाट्याने वाढू लागणे, हाताने हलविता न येणे, चेहऱ्याचा एक भाग बधिर होणे, मानेत दुसरी गाठ लागणे ही धोक्याची लक्षणे होत. आणखी एक लक्षण विशेष महत्त्वाचे आहे. चेहऱ्याच्या हालचाली घडविणारा मज्जातंतू पॅरोटिड ग्रंथीच्या आतून जातो. गाठीने त्याला ग्रासले की एका बाजूचा डोळा मिटत नाही आणि तोंड वाकडे होते. अशा वेळी "तोंडावरून वारे गेले" असे म्हणून घरगुती उपाय करीत बसणे घातक ठरते. गर्भारपणात चेहऱ्याचा असा लकवा साध्या कारणानेही येतो. परंतु त्याच बाजूला गाठ असेल, तर तो साधा आहे असे गृहीत धरता येत नाही.

निदान बाळाला अपाय न करता होते

गर्भवतीची तपासणी म्हटली की पहिली भीती असते ती किरणांची. लाळग्रंथीच्या गाठीची पहिली तपासणी सोनोग्राफीने होते. ज्या यंत्राने पोटातील बाळ पाहतात, त्याच जातीच्या यंत्राने मानेतील गाठ पाहता येते, आणि त्यात क्ष-किरण नसतात. दुसरी पायरी म्हणजे बारीक सुईने गाठीतील काही पेशी काढून सूक्ष्मदर्शकाखाली तपासणे. त्यासाठी भूल लागत नाही, गर्भाला धोका पोचत नाही, आणि "सुई लावली की रोग पसरतो" ही समजूत खरी नाही. उलट, सुई न लावल्यामुळे रोग वाढल्याची उदाहरणे कोणत्याही कर्करोग रुग्णालयात नित्य पाहावयास मिळतात.

गाठ किती खोल गेली आहे हे समजण्यासाठी एमआरआय करता येतो. त्यातही क्ष-किरण नसतात. मात्र गर्भवतीला गॅडोलिनियम हे रंगद्रव्य शक्यतो देत नाहीत. फुप्फुसाचा क्ष-किरण फोटो काढावा लागला तरी घाबरण्याचे कारण नाही. अशा फोटोतून गर्भापर्यंत पोचणारी मात्रा एका मिलिग्रेच्या शंभराव्या भागाहून अधिक नसते. निसर्गातील मातीतून आणि आकाशातून येणाऱ्या किरणांची मात्राच नऊ महिन्यांत अर्धा ते एक मिलिग्रे होते, आणि पन्नास मिलिग्रेपेक्षा कमी मात्रेने अर्भकात व्यंग वाढल्याचे आढळलेले नाही. या आकड्यांची तुलना केली की भीतीचे आकारमान ध्यानात येते. पेट स्कॅनसारख्या, शरीरात किरणोत्सर्गी द्रव्य सोडणाऱ्या तपासण्या मात्र गर्भारपणात टाळल्या जातात.

तपासणीत गाठ साधी ठरली, तर ती बाळंतपणानंतर काढण्यास हरकत नसते. परंतु ती विसरून जाणेही योग्य नाही. लाळग्रंथीतील सर्वांत सामान्य साधी गाठ वर्षानुवर्षे तशीच राहू दिली, तर पुढे तिचे कर्करोगात रूपांतर होऊ शकते.

शस्त्रक्रिया केव्हा करावी?

लाळग्रंथींच्या कर्करोगावर मुख्य उपचार शस्त्रक्रिया हाच आहे. गर्भवतीच्या दृष्टीने ही भाग्याची गोष्ट म्हटली पाहिजे. कारण शस्त्रक्रियेची जागा गर्भाशयापासून दूर असते.

समजा, रामटेक तालुक्यातील एखाद्या गावात अठरा आठवड्यांच्या गर्भवतीच्या कानाखाली गाठ आहे आणि तपासणीत ती कर्करोगाची ठरली आहे. तिच्यापुढे तीन वाटा दिसतात : गर्भपात करून उपचार घेणे, बाळंतपण होईपर्यंत थांबणे, किंवा गर्भ सांभाळून आताच शस्त्रक्रिया करणे. पहिल्या वाटेने तिची रोगमुक्ती अधिक खात्रीची होत नाही, कारण शस्त्रक्रियेच्या यशाला गर्भ आड येत नाही. दुसऱ्या वाटेवर रोगाला सुमारे पाच महिन्यांची मोकळीक मिळते. तेवढ्या काळात आज वाचविता येणारा चेहऱ्याचा मज्जातंतू उद्या वाचेलच असे सांगता येत नाही. तिसरी वाट तिच्या बाबतीत सर्वांत श्रेयस्कर असते.

गर्भारपणाचा चौदावा ते अठ्ठाविसावा आठवडा, विशेषतः त्याचा पूर्वार्ध, शस्त्रक्रियेस सर्वांत अनुकूल मानला जातो. तोपर्यंत अर्भकाचे अवयव घडून झालेले असतात, गर्भपाताचा स्वाभाविक धोका कमी झालेला असतो आणि गर्भाशय अद्याप फार मोठे झालेले नसते. रोग पहिल्या तीन महिन्यांत आढळला आणि तो सौम्य श्रेणीचा असला, तर काही आठवडे थांबून चौथा महिना लागल्यावर शस्त्रक्रिया करता येते. तो उग्र असेल तर थांबणे हिताचे नसते. शेवटच्या दोन महिन्यांत सौम्य श्रेणीचा रोग सापडला, तर दिवस पूर्ण भरू देऊन बाळंतपणानंतर लगेच शस्त्रक्रिया करण्याचा विचार होतो. आवश्यक ती शस्त्रक्रिया केवळ स्त्री गर्भवती आहे म्हणून नाकारू नये, हे तत्त्व आज सर्वमान्य आहे.

शस्त्रक्रियागृहातील दक्षता

गर्भवतीला भूल देणे हे कौशल्याचे काम आहे, पण ते अपरिचित काम नाही. वीस आठवड्यांनंतर स्त्री सपाट उताणी झोपली, तर वाढलेले गर्भाशय पाठीच्या कण्यालगतच्या मोठ्या रक्तवाहिनीवर दाब देते आणि गर्भाचा रक्तपुरवठा घटतो. म्हणून तिला किंचित डाव्या कुशीवर कलते ठेवतात. पोटातील आम्ल श्वासनलिकेत जाऊ नये म्हणून आधी औषध देतात. रक्तदाब आणि प्राणवायूचे प्रमाण खाली येऊ देत नाहीत. शस्त्रक्रियेपूर्वी आणि नंतर बाळाच्या हृदयाचे ठोके तपासतात. गर्भवतीच्या रक्तात गुठळ्या होण्याची प्रवृत्ती असल्याने तिला लवकर हिंडते-फिरते करतात. वेदनाशमनासाठी पॅरासिटामॉल चालते. आयबुप्रोफेनसारखी औषधे गर्भारपणाच्या उत्तरार्धात टाळावी लागतात.

विदर्भात एका गोष्टीची भर घालणे अगत्याचे आहे. नागपूर, भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली या जिल्ह्यांत सिकलसेल हा आनुवंशिक रक्तविकार आढळतो. असा विकार असलेल्या स्त्रीला भूल देताना शरीरातील पाणी, उष्णता आणि प्राणवायू यांची विशेष काळजी घ्यावी लागते. त्यामुळे शस्त्रक्रियेपूर्वी हिमोग्लोबिनबरोबरच सिकलसेलची तपासणीही झालेली असावी. केंद्र शासनाने १ जुलै २०२३ रोजी सिकलसेल निर्मूलनाची राष्ट्रीय मोहीम सुरू केल्यापासून या तपासणीला अधिक चालना मिळाली आहे.

पॅरोटिड ग्रंथीची शस्त्रक्रिया म्हणजे चेहऱ्याच्या मज्जातंतूच्या शाखा एकेक करून सोडविणे होय. रोगाने तो ग्रासलेला नसेल, तर शल्यचिकित्सक तो जपतात. काही दिवस ओठाची कड किंवा पापणी मंदावते आणि बहुधा पूर्ववत होते. तोपर्यंत उघड्या राहणाऱ्या डोळ्याला थेंब आणि पट्टी यांनी जपावे लागते. कानाची पाळी बधिर राहणे, काही महिन्यांनी जेवताना त्या गालावर घाम येणे, हेही घडू शकते. हे रोग परतल्याचे चिन्ह नव्हे.

किरणोपचार आणि औषधोपचार

काढलेली गाठ प्रयोगशाळेत तपासल्यावर पुढचा निर्णय होतो. गाठ सौम्य श्रेणीची असून पूर्ण निघाली असेल, तर पुष्कळदा आणखी उपचार लागत नाहीत आणि गर्भारपण निर्वेध पुढे चालते. श्रेणी उग्र असेल, कडेला रोग उरला असेल, मज्जातंतूत किंवा मानेतील ग्रंथींत तो शिरला असेल, तर किरणोपचार द्यावे लागतात. ते शस्त्रक्रियेनंतर साधारण सहा आठवड्यांच्या आत सुरू व्हावेत असा प्रयत्न असतो. गर्भवतीच्या बाबतीत खरा पेच येथेच पडतो.

गर्भाच्या मेंदूची घडण आठव्या ते पंधराव्या आठवड्यांत किरणांना सर्वाधिक संवेदनशील असते, हे जपानमधील अणुस्फोटांच्या वेळी मातांच्या उदरात असलेल्या मुलांच्या अभ्यासातून स्पष्ट झाले. मानेवरील किरणोपचारात गर्भाशय किरणझोताच्या बाहेर असते, आणि शिशाच्या आवरणाने गर्भापर्यंत पोचणारी मात्रा आणखी घटविता येते. तरीही गर्भ जसा वर सरकतो तशी ती मात्रा वाढते. त्यामुळे शक्य तेथे किरणोपचार बाळंतपणानंतर देतात. बाळंतपण जवळ आले असेल तर थोडे थांबतात, आणि थांबणे खरोखरच धोक्याचे असेल, तर भौतिकशास्त्रज्ञाकडून गर्भापर्यंतच्या मात्रेचा हिशेब करवून निर्णय घेतात. हा हिशेब आईला समजेल अशा शब्दांत सांगितला जावा, हा तिचा अधिकार आहे.

कर्करोगावरील औषधांचा, म्हणजे केमोथेरपीचा, या रोगातील वाटा मर्यादित आहे. पहिल्या तीन महिन्यांत ती औषधे देत नाहीत. त्यानंतर काही निवडक औषधे देता येतात, परंतु बाळंतपणापूर्वी सुमारे तीन आठवडे ती बंद ठेवतात. लाळनलिकेच्या काही कर्करोगांत उपयोगी पडणारे ट्रास्टुझुमाब हे औषध गर्भजल कमी करीत असल्याने गर्भारपणात वर्ज्य आहे.

अशा उपचारांतून जन्मलेल्या मुलांचे पुढे काय होते? युरोपातील संशोधकांनी २०१५ साली प्रसिद्ध केलेल्या एका अभ्यासात, आईला गर्भारपणातच कर्करोग झालेल्या १२९ मुलांची तुलना तितक्याच इतर मुलांशी करण्यात आली. त्यांतील ९६ मुले गर्भात असताना आईला केमोथेरपी दिली गेली होती. या मुलांची बुद्धी, हृदय आणि सर्वसाधारण वाढ यांत उपचारांमुळे उणेपणा आलेला दिसला नाही. ज्यांची बौद्धिक प्रगती मागे पडली, त्यांच्या बाबतीत अकाली जन्माशी तिचा संबंध आढळला. यातून निघणारा धडा व्यवहाराचा आहे : उपचारांच्या भीतीने बाळंतपण सातव्या-आठव्या महिन्यात घाईने उरकणे बाळाच्या हिताचे नाही.

गर्भपाताविषयी

गर्भपाताने लाळग्रंथीचा कर्करोग बरा होत नाही. तथापि, रोग फार पुढे गेलेला असून तातडीने किरणोपचार वा औषधे द्यावी लागणार असतील आणि गर्भ अगदी आरंभीच्या अवस्थेत असेल, तर हा पर्याय स्त्रीपुढे मांडावा लागतो. वैद्यकीय गर्भपात अधिनियम १९७१ साली झाला आणि २०२१ साली त्यात सुधारणा झाली. सज्ञान स्त्रीच्या बाबतीत तिची स्वतःची संमती कायद्याने पुरेशी आहे. पती, सासू-सासरे किंवा माहेरची मंडळी यांनी तिला धीर द्यावा, माहिती मिळवून द्यावी. निर्णय मात्र तिच्यावर लादू नये. गर्भ ठेवण्याची बळजबरी आणि तो काढण्याची बळजबरी, दोन्ही सारख्याच अन्यायकारक होत.

बाळंतपण, दूध आणि पुढील काळ

अशा स्त्रीचे बाळंतपण शक्यतो सदतीस आठवडे भरल्यावर व्हावे. लाळग्रंथीचा कर्करोग झाला म्हणून सिझेरियन करावे लागत नाही. ते प्रसूतिशास्त्राच्या नेहमीच्या कारणांनीच करावयाचे असते. काही कारणाने बाळंतपण अकाली करावे लागलेच, तर बाळाची फुप्फुसे सक्षम व्हावीत म्हणून आईला आधी स्टेरॉइडची इंजेक्शने देतात. आईचा कर्करोग संसर्गाने बाळाला लागत नाही. वारेतून तो गर्भात गेल्याची उदाहरणे अत्यंत विरळ आहेत. तरीही दक्षता म्हणून वार तपासणीसाठी पाठवितात.

शस्त्रक्रिया झालेली आई बाळाला अंगावर पाजू शकते. केमोथेरपी चालू असताना मात्र पाजता येत नाही. बाहेरून दिलेल्या किरणोपचाराने आई किरणोत्सर्गी होत नाही. उपचार घेऊन आल्यावर तिने बाळाला कुशीत घेण्यास कसलीही हरकत नसते. किरणोपचार आठवड्यातून पाच दिवस, असे सहा ते साडेसहा आठवडे चालतात. ते सुरू होण्यापूर्वी दात तपासून घ्यावेत, किडलेला दात काढावयाचा असल्यास तो आधीच काढावा. कारण लाळ कमी झालेल्या तोंडात दात लवकर किडतात. पुढेही नियमित तपासणी हवी. पहिली पाच वर्षे तर ती चुकवूच नये, आणि ॲडिनॉइड सिस्टिक प्रकारात ती त्याहून कितीतरी अधिक काळ चालू ठेवावी लागते.

नागपुरातील सोयी

या सर्व उपचारांसाठी विदर्भातील स्त्रीला मुंबई गाठण्याची गरज आता सहसा पडत नाही. लोक ज्याला "मेडिकल" म्हणतात ते, १९४७ साली सुरू झालेले नागपूरचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय. "मेयो" या नावाने ओळखले जाणारे इंदिरा गांधी शासकीय वैद्यकीय महाविद्यालय. डागा स्मृती शासकीय स्त्री रुग्णालय. मिहान परिसरातील अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्था आणि जामठा येथील राष्ट्रीय कर्करोग संस्था यांमुळे प्रसूतिशास्त्र आणि कर्करोग चिकित्सा या दोन्ही शाखांचे तज्ज्ञ एकाच शहरात उपलब्ध आहेत. मानेवाडा मार्गावरील प्रादेशिक कर्करोग रुग्णालयाला राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांचे नाव आहे. गावोगावी खंजिरीच्या साथीने ग्रामसुधारणेचा संदेश पोचविणाऱ्या या संताचे १९६८ साली कर्करोगानेच निर्वाण झाले, हे अनेकांना आठवत असेल. नागपूर शहरातील कर्करोगाची नोंदवहीही जुनी आहे. इंडियन कॅन्सर सोसायटीने ती १९८० साली सुरू केली.

पैशाअभावी उपचार अडू नयेत यासाठी महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेखाली संलग्न रुग्णालयांत कर्करोगाच्या शस्त्रक्रिया, किरणोपचार आणि औषधोपचार यांची सोय आहे. रुग्णालयातील आरोग्यमित्राकडे शिधापत्रिका आणि ओळखपत्र घेऊन गेल्यास तो पुढील मार्गदर्शन करतो. बाळंतपण आणि नवजात अर्भकाची शुश्रूषा शासकीय रुग्णालयांत जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमाखाली विनामूल्य होते. प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानात दर महिन्याच्या ९ तारखेला गर्भवतींची तपासणी होते. त्या दिवशी पोटाबरोबरच मान, जबडा आणि तोंडही पाहिले जावे. आणि अंगावर कोठेही गाठ असेल तर गर्भवतीने ती न लाजता दाखवावी. आशा स्वयंसेविका आणि आरोग्यसेविका यांनी घरभेटीत एवढा एक प्रश्न विचारण्याची सवय ठेवली, तरी पुष्कळ काम होईल.

मोठ्या रुग्णालयात गेल्यावर कागद वेगवेगळ्या विभागांत विखुरले जातात, ही अडचण सर्वांच्या परिचयाची आहे. गर्भवतीचे माता-बाल संरक्षण कार्ड, सोनोग्राफीचे अहवाल आणि पेशी-तपासणीचा अहवाल एकाच पिशवीत ठेवून प्रत्येक भेटीत सोबत न्यावा. कान-नाक-घसा किंवा कर्करोग शल्यचिकित्सकाला ती गर्भवती असल्याचे, आणि प्रसूतितज्ज्ञाला तिच्या गाठीचे, पहिल्याच भेटीत सांगावे. शल्यचिकित्सक, प्रसूतितज्ज्ञ, भूलतज्ज्ञ, किरणोपचारतज्ज्ञ आणि बालरोगतज्ज्ञ यांनी एकत्र विचार करावा, अशी विनंती करण्यात संकोच बाळगू नये.

किरणोपचारासाठी गडचिरोली किंवा गोंदियाहून आलेल्या बाळंतिणीला सहा आठवडे नागपुरात राहावे लागते. त्या काळात तान्हे बाळ कोणी सांभाळावयाचे, तिच्यासोबत कोणी राहावयाचे, घरची शेती आणि थोरले मूल कोणाकडे सोपवावयाचे, हे प्रश्न औषधांइतकेच महत्त्वाचे असतात. ते न सुटल्यामुळे उपचार अर्धवट सोडले जातात, आणि अर्धवट सोडलेला उपचार हा या रोगाला मिळालेला मोठाच अवसर असतो. म्हणून गर्भारपणातच, बाळंतपणाच्या तयारीबरोबर, या व्यवस्थेचाही विचार नातेवाइकांनी करून ठेवावा. बाळंतिणीची आई, नणंद, जाऊ, शेजारीण यांनी पाळीपाळीने सोबत केली, तर हा भार एकटीवर पडत नाही. पतीने हे काम स्त्रियांचे आहे असे समजून बाजूला राहू नये.

तीन आठवड्यांहून अधिक काळ टिकलेली गाठ दाखवावी, सुईच्या तपासणीला भिऊ नये, आणि बाळंतपणाची वाट पाहत उपचार थांबवू नयेत. एवढ्या तीन गोष्टी या सभेतून प्रत्येकाने आपल्या गावी, आपल्या घरी पोचवाव्यात, ही विनंती.